रेघेपर्यंत पाणी

धाकट्या वर्गाच्या बाईंना एक खोड होती, आणि त्या खोडीपायीच त्या इतकी वर्षं हंगामी राहिल्या असं शाळेत सगळेच म्हणत. त्या मुलांना उत्तरच सांगत नसत. 'बघा आणि सांगा,' एवढंच म्हणत. पोरं बघायची, तोंडाला येईल ते सांगायची, वर्गात नुसता बाजार भरायचा, आणि शेजारच्या वर्गाचे गुरुजी धाडकन दार लावून घ्यायचे. पालक तक्रार करायचे की सगळं आमच्या पोरांनीच सांगायचं, तर मग बाई हव्यात कशाला? घरी नवराही सोडायचा नाही. भाजीत मीठ घातलंय का विचारलं तरी ही बाई म्हणते, खाऊन सांगा, असं तो पाहुण्यांसमोर सांगायचा.

पण या वेळी चेष्टेचं काम नव्हतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, खोलीत बोलावून स्पष्ट सांगितलं होतं. गुरुवारी तपासणीचे साहेब येणार. त्यांच्यासमोर पाठ नीट पुरा झाला तर नोकरी कायम, नाहीतर सत्र संपलं की जागा दुसऱ्या कुणाला तरी. बाईंचं वय काही आता दारोदार अर्ज घेऊन हिंडण्याचं नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान चाललं तर चाललं. घर उभं होतं ते बाईंच्या पगारावर, हे घरात कुणी बोलत नसे, पण मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

पाठ होता पाण्याचा. उघड्यावर ठेवलेलं पाणी जातं कुठे आणि परत येतं कसं. सोमवारी बाईंनी प्रत्येक बाकाला एक काचेची वाटी दिली. मुलांनी तिच्यात पाणी ओतलं आणि पाणी जिथवर आलं तिथे बाहेरून तेलखडूची रेघ मारली. वाट्या उन्हाच्या खिडकीत मांडल्या, पुढे चादर सोडली, आणि गुरुवारपर्यंत कुणी बघायचं नाही असं ठरलं. बाई स्वतःही बघत नसत. त्यांचं म्हणणं, मला आधी कळलं की ते माझ्या तोंडावर दिसतं, आणि पोरं वाटीऐवजी माझं तोंड वाचतात.

गुरुवारी साहेब सगळ्यात मागच्या, रिकाम्या बाकावर येऊन बसले. बाक छोटा, साहेब उंच. गुडघे कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. मोठ्या बाई दाराशी उभ्या राहिल्या. मधल्या टेबलावर स्टीलच्या पेल्यात बर्फ घालून ठेवला होता, तो पाठाचा दुसरा भाग. बाईंनी चादर बाजूला केली, वाट्या ज्याच्या त्याच्या बाकावर पोचवल्या, आणि पहिल्याच वाटीत त्यांची नजर गेली.

पाणी रेघेला टेकलेलं होतं. दुसऱ्या वाटीतही तसंच. तिसऱ्या वाटीत तर रेघेच्या वर चढलं होतं.

असं होणंच शक्य नव्हतं, पण झालं होतं खरं. मागून साहेबांच्या पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. तेवढ्या लांबून त्यांना वाट्यांमधलं काही दिसत नव्हतं. आणि मग, पुढे कित्येक दिवस ज्याची त्यांना लाज वाटत राहिली, ते बाई बोलून गेल्या.

"पाणी थोडं कमी झालंय ना रे?"

"हो बाई!" अख्खा वर्ग एका सुरात गायला.

एकानंही वाटीकडे पाहिलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे बाईंच्या तोंडावर होते. साहेबांनी मान डोलावली, लिहायला घेतलं. मोठ्या बाईंचा चेहरा खुलला. आता नुसतं पुढे जायचं, पेला उचलायचा, की गंगेत घोडं न्हालं.

पुढच्या बाकावरून एक बोट वर झालं. ही पोरगी म्हणजे वर्गातली वकिलीणबाई. शिक्षा केली तरी आधी कारण विचारायची. ती म्हणाली, "नाही झालं, बाई. रेघेवरच आहे."

शेजारच्यानं तिला कोपरानं ढोसलं. कुणीतरी गप्प बस म्हणालं. वकिलीणबाईनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि तिचं बोट हळूहळू खाली येऊ लागलं. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं तिच्या चेहऱ्यावर उमटायला लागलं होतं. बाईंना ते बघवेना.

"बोट खाली घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, तो त्यांनी तसाच कापू दिला. "ही बरोबर बोलतेय. पाणी कमी झालेलं नाही. मी घाबरले आणि खोटं विचारलं. आणि तुम्ही न बघता हो म्हणालात."

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांच्या मागून शाळेच्या मावशी, झाडलोट करणाऱ्या, पदराला हात पुसत पुढे आल्या. काल संध्याकाळी खिडकी पुसायला चादर सरकवली, तर वाट्यांमधलं पाणी तळाला गेलेलं. साहेब येणार आणि वाट्या रिकाम्या, म्हणजे बाईंची अब्रूच जाणार. म्हणून त्यांनी सगळ्या भरून ठेवल्या.

"रेघ आखलेली होती ना बाई. रेघेपर्यंत भरायचंय असंच मला वाटलं," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

वर्गात हसू फुटलं. बाईही हसल्या, पण रडू आवरत. मावशींना रागवायचं तरी कशाबद्दल? माया केली होती बिचारीनं. त्यांनी मावशींना तिथेच खुर्चीवर बसवलं आणि मुलांना विचारलं, काल पाणी तळाला गेलं होतं असं मावशी म्हणतात, तर ते पाणी प्यायलं कोण? गलका सुरू झाला. चिमणी, मुंगी, चादर, ऊन. एकेक उत्तर तपासता तपासता तास झाला. पेल्याचा भाग राहूनच गेला.

मुलं डबे काढायला लागल्यावर साहेब गुडघे चोळत पुढे आले. माणूस वाईट नव्हता. हळू आवाजात म्हणाले, पाठ पुरा झाला नाही, मला तसंच लिहावं लागेल. "मघाशीच पुढे गेला असतात, तर मला काही कळलंसुद्धा नसतं."

"पोरांनाही कळलं नसतं, साहेब. त्याचीच तर भीती वाटली."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग नमस्कार करून मोठ्या बाईंच्या मागून निघून गेले. बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. आता नवऱ्याला कसं सांगायचं, औषधांचं कसं करायचं, हे एकापाठोपाठ एक डोक्यात येत गेलं. केलं ते बरोबर केलं हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण बरोबर केल्यानं चूल पेटत नाही, हेही तेवढंच पक्कं.

"बाई, हा पेला गळतोय."

वकिलीणबाई टेबलाशी उभी होती. बर्फाच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटून ओघळत होतं. बाई जवळ गेल्या.

"मावशींनी ओतलं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही?"

"नाही गं, मीही नाही."

पोरीनं बाईंकडे नीट निरखून पाहिलं. विश्वास ठेवावा की नाही, याचा हिशेब चालला होता, आणि बाईंना तो सोसावा लागला. शेवटी तिनं फ्रॉकच्या टोकानं पेला कोरडा पुसला, हनुवटी टेबलावर टेकली आणि डोळे वटारून बसली. तिचं बघून दुसरी आली, तिसरा आला, डबे तसेच उघडे टाकून सगळे टेबलाभोवती जमले. बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या, चेहरा रडवेला, पदर तोंडाशी. पण एकाही पोरानं वळून त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आलं," वकिलीणबाई पुटपुटली. "कुणीच ओतलं नाही, आणि आलं."