दुसऱ्या मजल्याच्या शेगड्या

अठरा वर्षं लॉरेन्स तुस्कानो इमारतींच्या वायरिंगचे नकाशे काढत होता. कुठे किती वीज लागेल ते इंजिनिअर ठरवायचे, तो रेषा ओढायचा. आता चौरेचाळिसाव्या वर्षी तो ठरवायला शिकत होता. शारजाच्या वेशीवरच्या मुहैस्नाहमध्ये मजुरांसाठी होणाऱ्या नव्या लेबर कॅम्पचा लोडचा, म्हणजे एकूण किती वीज लागेल त्याचा, तक्ता दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा आला, तर पुन्हा रेषा.

"तुम्ही विजेच्या सगळ्या शेगड्या एकदम चालू धरल्यात," मैथिली म्हणाली. त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, आणि त्याची सीनियर. "सगळं एकाच वेळी चालू नसतं, लॉरेन्स. साठ टक्के धरा."

"उरलेले चाळीस कोण बंद ठेवतं?"

"आता काय हजेरी घेणार आहात?"

शारजाला घरी दोन्ही एसी, इस्त्री, वॉशिंग मशीन, सगळं चालू होतं.

"ओल्गा, यातलं तू काय बंद ठेवशील?"

"तुझं तोंड," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मुहैस्नाहमधल्याच एका जुन्या कॅम्पवर गेला. बस आल्या, माणसं उतरली, शेगड्या लागल्या. तिथल्या इलेक्ट्रिशियनने, मुझम्मिलने, मीटर दाखवला. लॉरेन्सने आकडा सगळ्या शेगड्यांच्या बेरजेशी ताडून पाहिला. साठ टक्के. मैथिलीचं बरोबर होतं. त्याला हलकं वाटलं.

निघताना जिन्यात माणसं बसलेली दिसली. मांडीवर मळलेल्या कणकेच्या पराती.

"ये लोग?"

"दूसरा माला. पहले माले का पकेगा, फिर इनका. साथ में जलाया तो ब्रेकर गिरता है, साब. टाइम बांध दिया है."

तो परत मीटरपाशी गेला. साठच. आकडा खरा होता, पण कशाचा होता ते त्याला कळेना. माणसांना एवढीच वीज लागते, की एवढीच मिळते म्हणून ती थांबतात? मीटरला दोन्ही सारखंच.

सकाळी त्याने साठ लिहिले, खोडले, नव्वद लिहिले. केबल जाड झाली, खर्चही वाढला.

"मीटर किती म्हणत होता?" मैथिलीने विचारलं.

"साठ."

"मग?"

त्याने जिना सांगितला, पराती सांगितल्या. तिने बराच वेळ तक्ता खाली-वर केला.

"क्लायंट भांडणार. शेऱ्यात कारण लिहा. आणि खाली डिझाइनच्या चौकटीत माझं नाही, तुमचं नाव टाका. उत्तर तुम्हालाच द्यायचंय."

"म्हणजे तक्ता परत येणार नाही?"

"नाव टाका."

शेऱ्यात त्याने लिहिलं, दुसरा मजला थांबतो. हे कारण आहे का, तेही त्याला नक्की वाटेना. मग चौकटीत नाव टाकलं. इतकी वर्षं ते शेजारच्या चौकटीत असायचं, रेखाटन या शब्दापुढे. इथे ते दुसऱ्या कुणाचं असावं तसं दिसत होतं.