हंसाच्या होडीतला शेजारी

कणकवलीहून आत्या आणि आतोबा पहिल्यांदाच आमच्या डोंबिवलीच्या घरी राहायला आलेले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. चहा पिताना आत्या म्हणाली, "आता तुझो गाव दाखव."

"इथे काय बघणार? मुंबईला जाऊ. गेटवे बघू."

"ता टीव्हीर बघितलंय. तू खंय ऱ्हवतंस ता माका बघूचा हा."

मी डोंबिवलीत वीस वर्षं राहतोय. या काळात मी काय पाहिलं, तर स्टेशन, घर आणि मधला भाजीवाला. बाथरूममध्ये जाऊन मोबाइलवर शोधलं आणि बाहेर येऊन, जन्मापासून ठाऊक असल्याच्या थाटात, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याचं नाव घेतलं.

तिथे पोचल्यावर मला एकाला वर जायची वाट विचारावी लागली. आतोबांनी ते नेमकं ऐकलं. "तू पण पयल्यांदाच इलंस काय रे?"

"नाही हो, वाट बदललीय जरा."

शेकडो वर्षं जागेवर असलेल्या किल्ल्याबद्दल मी हे बोललो. आतोबा भर समुद्रातला सिंधुदुर्ग पाहिलेले. खाडीकडे बघत म्हणाले, "बारको आसा, पण बरो आसा." मला चक्क राग आला. अर्ध्या तासापूर्वी जो किल्ला माझ्या गावीही नव्हता, त्याचा अपमान आता मला सहन होईना.

त्या तिरमिरीत मी त्यांना ठाण्याला तलावपाळीवर नेलं. तिथे पायडल मारायच्या हंसाच्या होड्या होत्या. आत्या नि आतोबा मागे ऐटीत बसले, पुढे मी एकटा पायडल मारत घामाघूम. एवढ्यात दुसरा हंस येऊन आमच्यावर आदळला. त्यातही पुढे एक घामाघूम गृहस्थ आणि मागे दोन म्हातारी माणसं. चेहरा ओळखीचा वाटला. मग लक्षात आलं, हा तर आमच्या समोरच्या फ्लॅटमधला! एवढ्या वर्षांत लिफ्टमध्ये माना हलवण्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं.

"पाहुणे?" त्याने विचारलं.

"आत्या. तुमचे?"

"सासू-सासरे. अमरावतीचे."

तोवर आत्याने त्याच्या सासूबाईंशी संधान बांधलंदेखील. हंस एकमेकांना टेकलेले, काठावरून होडीवाला शिट्ट्या मारतोय, आणि या दोघी सोलकढी नि वऱ्हाडी ठेच्यावर बोलताहेत. समोरासमोर राहतो कळल्यावर आत्याने परस्पर जाहीर केलं, "मगे आज सगळ्यांनी आमच्याकडेच जेवूचा!"

तेव्हा कुठे मी त्याचं घर आतून पाहिलं, कारण आमच्याकडे ताटं कमी पडली.

पाहुणे आपापल्या गावी गेले. नंतर तो एकदा जिन्यात भेटला. "अंबरनाथचं जुनं शिवमंदिर पाहिलंय?"

"नाही."

"मीपण नाही. जाऊ या एका रविवारी."

अजून गेलेलो नाही. दोघांनाही तिथे न्यायला पाहुणे मिळालेले नाहीत. पण दर रविवारी चहा मात्र कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे होतो.