नानांचं लिश्टेनश्टाइन

माझ्या वडिलांनी लिश्टेनश्टाइन पाहिलेलं नाही. एवढं साधं वाक्य, पण मी ते आज पहिल्यांदा लिहिते आहे — तोंडाने तर कधी उच्चारलेलंच नाही. कऱ्हाडात नानांना ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, नाना जाऊन आले होते असंच सांगतील. फोटो आहेत. ज्येष्ठ नागरिक संघात त्यांचं भाषण झालं होतं. सगळं आहे. फक्त ते गेले नव्हते.

तुम्ही म्हणाल, बस, एवढंच? मीही बरीच वर्षं स्वतःला असंच म्हणत आले. म्हणून जरा सावकाश सांगते.

नाना शाळेत भूगोल शिकवायचे. दर वर्षी नव्या वर्गाला त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. समुद्र नसलेले देश पुष्कळ आहेत, पण ज्याच्या शेजाऱ्यांनाही समुद्र नाही असा युरोपातला देश कोणता? मग नाना फळ्यावर स्वित्झर्लंड काढायचे, ऑस्ट्रिया काढायचे आणि दोघांच्या मध्ये खडूने एक दाणा रंगवायचे. दोन-तीन पिढ्यांच्या पोरांना भूगोलातलं दुसरं काही आठवत नसेल, पण हा दाणा आठवतो. पोरं मागून त्यांना ‘लिश्टेन सर’ म्हणायची. नानांना ते माहीत होतं, आणि आवडायचंही.

आई गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात नाना आमच्याकडे आले. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची ही गोष्ट. मी आणि माझा नवरा सुहास तेव्हा अॅमस्टरडॅमच्या खाली, उइटहॉर्नला राहायचो. मी रोज द हेगला नोकरीला जायचे. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं — म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. घरीही तोच खाक्या. गॅसचं बिल असो, खेमेंटेतली, म्हणजे तिथल्या नगरपालिकेतली, नोंदणी असो, सुहासने काही राहू दिलं की मी सुनावायचे. माझं काही राहत नसे. नाना हे फोनवरून गावभर सांगायचे. ‘आमची नीलू म्हणजे काम चोख.’

तर त्या उन्हाळ्यात मी नानांना म्हटलं, तुमचा दाणा दाखवते. नाना उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. असं त्यांचं कधी होत नसे.

शनिवारी पहाटे गाडी काढली, आख्खा जर्मनी ओलांडला आणि संध्याकाळी ऑस्ट्रियाच्या टोकाला, फेल्डकिर्खला पोचलो. पलीकडे काही मिनिटांवर ती सीमा. नाना खोलीत आडवे झाले. आम्ही दोघं खाली पासपोर्ट दाखवायला गेलो. लॉजच्या मालकीणबाईंनी सहज विचारलं, उद्या कुठे? मी सांगितलं. त्यांनी पासपोर्ट पुन्हा उघडले, पानं उलटली आणि म्हणाल्या की तुमचे हे व्हिसा तिकडे चालत नाहीत. सीमेवर स्विस पहारा असतो, त्यांचा व्हिसा वेगळा.

तेव्हा तसंच होतं. आज स्वित्झर्लंड काय, लिश्टेनश्टाइन काय, एकाच व्हिसावर फिरता येतं. तेव्हा नव्हतं येत, आणि मला ते माहीत असायला हवं होतं. मी बघितलंच नव्हतं. युरोप म्हणजे सगळा एकच, असं धरून चालले होते. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याला सोललं असतं.

सुहास म्हणाला, नानांना सांगू या. चुकलं म्हणू, पुढच्या वेळी व्यवस्थित आणू. मी म्हटलं, मी सांगते.

खरंच सांगणार होते. सकाळी खाली आले तर नाना आधीच नाश्त्याला बसलेले. नवं जाकीट, पांढरे बूट, दाढी गुळगुळीत. शर्टाच्या खिशावर हात ठेवून म्हणाले, “पासपोर्ट इथेच ठेवलाय. सीमेवर मागतील ना?”

आणि मी म्हणाले, “नाही लागत, नाना. इथे कुणी विचारत नाही.”

झालं. इथे मी थांबू शकले असते — पुढचंच वाक्य खरं बोलता आलं असतं. पण ते वाक्य कोणतं होतं? ‘नाना, मी चुकले.’ तीन शब्द. आयुष्यात मी ते कुणाला म्हटले असतील तर मला आठवत नाहीत. सुहासने माझ्याकडे पाहिलं आणि चहा ढवळत राहिला. त्याला दोष देत नाही. माझ्यापुढे बोलायची सवय मीच त्याची मोडली होती.

गाडी सीमेकडे न नेता उलट्या बाजूच्या दरीत घातली. वळणं घेत वर गेलो. अर्ध्या-पाऊण तासाने एक गाव लागलं. लाकडी घरं, गॅलऱ्यांत लाल फुलं, चर्च, समोर पाण्याचं दगडी कुंड. नानांनी विचारलं, “आलो?” मी म्हटलं, “आलो.”

ते गाडीतून उतरले आणि वाकून त्यांनी जमिनीला हात लावला. देवळाच्या पायरीला लावतात तसा. ऑस्ट्रियातल्या कुठल्याशा गावाच्या डांबराला.

त्या दिवशी सगळं माझ्या बाजूने होतं. रविवार असल्याने दुकानं बंद, पोस्टही बंद. नाहीतर नानांना तिथलं टपालाचं तिकीट हवं होतं, आणि तिकिटावर देशाचं नाव असतं. कॉफीचे पैसे मी युरोत दिले तर म्हणाले, इथे तर स्विस फ्रँक चालतो ना? मी म्हटलं, युरोही घेतात. राजाचा किल्ला कुठे, म्हणून विचारलं. डोंगर ढगांत होते. मी एका ढगाकडे बोट केलं. नाना चष्मा पुसून त्या ढगाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “असू दे. आहे ना तिथे, झालं तर.”

कुंडाशेजारी त्यांचा एक फोटो काढला. आयुष्यात नानांचा इतका चांगला फोटो दुसरा निघाला नाही.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर? मी आजही म्हणाले असते की म्हाताऱ्या माणसाला आनंद दिला, त्यात काय बिघडलं? पण नाना कऱ्हाडला परतले आणि त्यांनी भाषण ठेवलं. सभागृहाच्या भिंतीवर प्रोजेक्टरने फोटो दाखवले. भिंतभर नाना, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गाड्याही भिंतभर.

पाटणकर काका पुढच्या रांगेत होते. ते नानांच्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. दोघांची मैत्री माझ्या जन्माच्या आधीची. रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर एकाच बाकावर बसायचे, नाना डावीकडे, काका उजवीकडे. आई आजारी होती तेव्हा काकांनी आठवडेच्या आठवडे नानांसाठी डबा आणला. मी नेदरलँड्समध्ये होते. मी फोन करत होते.

काकांची नजर चित्रकाराची. गाड्यांच्या नंबरपाट्यांवर त्यांना ‘A’ दिसला. सगळ्या पाट्यांवर. भर सभेत ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाकावर, दोघंच असताना, त्यांनी नानांना विचारलं की अरे, या सगळ्या गाड्या ऑस्ट्रियाच्या कशा?

नानांनी मला फोन केला. रागावलेले नव्हते, नुसतं विचारत होते. मी म्हटलं, सीमा जवळच आहे, रविवारी तिकडचे लोक फिरायला येतात. किती पटकन सुचलं! नानांना पटलं. काकांना नसावं, कारण आठवड्याभराने नानांचा पुन्हा फोन आला. राजधानीचा, वाडूझचा काही फोटो आहे का, किल्ल्याचा? मी म्हटलं, आहेत, परतताना तुम्हाला गाडीत डुलकी लागली तेव्हा ढग हटले होते, ते दुसऱ्या कॅमेऱ्यात राहिलेत, पाठवते.

आणि मग मी लिश्टेनश्टाइनला गेले.

हे सुहासलाही माहीत नाही. त्याला ऑफिसचं काम सांगितलं. स्विस व्हिसाची चौकशी केली तर कळलं, त्यांचं कार्यालय द हेगलाच, माझ्या ऑफिसपासून ट्रामने जाण्यासारखं. जेवणाच्या सुट्टीत जाऊन अर्ज देऊन आले. तेच काम नानांसाठी करायचं होतं. इतकं सोपं होतं ते.

ऑक्टोबर होता. झुरिकला उतरून रेल्वे, मग बस. ऱ्हाईन ओलांडली की लिश्टेनश्टाइन, एवढंच. वाडूझ म्हणजे एक लांबट, नीटनेटकी पेठ, आणि वर कड्यावर तो किल्ला — इतका समोर की कुठल्याही ढगाला झाकता येऊ नये. राजा खरंच तिथे राहतो, आत कुणाला सोडत नाहीत. जुनी तिकिटं मांडलेलं एक छोटं संग्रहालय होतं. पर्यटकांच्या कचेरीत थोडे फ्रँक घेऊन पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून देतात. बाई म्हणाली, मारू का? मी नको म्हटलं. शिक्क्यावर तारीख असते.

खाली बाल्झर्सला द्राक्षमळ्यांमध्ये टेकडीवर दुसरा किल्ला. बसने वर ट्रीझेनबेर्गला गेले. उन्हाने काळवंडलेली लाकडी घरं आणि कांद्यासारखा घुमट असलेलं चर्च. तिथून एक बोगदा, आणि पलीकडे माल्बुन, जिथे रस्ताच संपतो. पुढे नुसता डोंगर. तिथे एका खाणावळीत चीजमध्ये घोळवलेले कणकेचे गोळे खाल्ले, वर तळलेला कांदा. उतरल्यावर ऱ्हाईनवरच्या जुन्या लाकडी पुलावरून चालले. पुलाच्या मध्यावर सीमेची खूण आहे, एक पाय या देशात ठेवावा, एक त्या. नाना असते तर पुलावर उभं करून त्यांनी मला सांगितलं असतं की हेच पाणी खाली तुमच्या हॉलंडात येतं. मला ते तेव्हा सुचलंही.

आणखी एक सांगायचं राहतं. मला मजा आली. फोटो काढायला गेले होते, पण दोन दिवस मी सुखात होते. हवा स्वच्छ होती, चीज छान होतं, मी हुंदडले. नानांची आठवण यायची आणि जायची.

फोटो पाठवले. नानांनी ते बाकावर नेऊन काकांच्या हातात दिले. काकांनी एकेक सावकाश पाहिला आणि परत देताना एवढंच म्हणाले, “नाना, यातल्या एकातही तू नाहीस रे.”

हे मला नानांनीच फोनवर सांगितलं. मग पुढचंही सांगितलं. ते काकांना म्हणाले होते की माझी मुलगी खोटं बोलत नाही, आणि ज्याला ते पटत नसेल त्याने माझ्या शेजारी बसू नये. सांगताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा वरचा होता. मग नानांनी विचारलं, “नीलू, तिथेच गेलो होतो ना आपण?”

आता बघा, हा प्रश्न त्यांनी मला सरळ विचारला होता. नाश्त्याच्या टेबलावर मी गडबडले होते असं एक वेळ धरता येईल. इथे कसली गडबड? मला माहीत होतं की मी काय बोलले तर काका उद्या बाकावर असतील आणि काय बोलले तर नसतील. मी म्हटलं, “हो नाना. तिथेच.”

काका दुसऱ्या बाकावर बसायला लागले. मग संगमावर यायचेच बंद झाले. नाना एकटे जायचे. सुट्टीला गेले की मीही त्यांच्याबरोबर जायचे आणि काकांच्या जागेवर बसायचे. नाना नदी बघत राहायचे. एकदा म्हणाले की पाटणकर हट्टी, पहिल्यापासून तसाच. मी मान हलवली. अशी पाच-सहा वर्षं गेली. दर वर्षी जाताना ठरवायचे, या खेपेला सांगायचं. नाना झोपेतच गेले. त्यांच्या बाजूने हे प्रकरण कायमचं मिटलं, त्यांच्या मुलीने खोटं सांगितलं नव्हतं.

तेराव्याला पाटणकर काका आले. खूप वाळले होते, काठी होती. भिंतीवर हार घातलेला नानांचा फोटो होता — कुंडाशेजारचा तोच, बाकीचं कापून मोठा केलेला. गाड्या त्यात राहिल्या नव्हत्या. मागे थोडी लाल फुलं तेवढी दिसत होती. काका काठी टेकून फोटोसमोर उभे राहिले. खोलीत आम्ही दोघंच होतो. सुहास बाहेर पानं मांडत होता.

“चांगला आलाय फोटो,” काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, “कुठला गं हा?”

त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. वडील गेलेली मुलगी समोर, तरी त्यांनी विचारलं, म्हणजे ते उत्तराची वाट बघत होते — मला पकडायला नाही, आपण चुकलो नव्हतो, एवढं एकदा कुणाच्या तोंडून ऐकायला. दुखावलं जाईल असं आता कुणी उरलं नव्हतं. मला काहीच गमवायचं नव्हतं.

“लिश्टेनश्टाइन,” मी म्हणाले.

काकांनी मान डोलावली. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि जेवायला न थांबता गेले.