पानेकाकांच्या नावाचा पत्ता

पानेकाकांच्या खिशात नट आवळायचे दोन पाने कायम असत. जेवायला बसतानाही ते बाजूला ठेवणं त्यांच्या जिवावर येई, म्हणून हे नाव. उभा जन्म सायकली दुरुस्त करण्यात गेला. तोंड फटकळ, पण काम असं चोख, की एकदा दुरुस्त केलेली सायकल लवकर परत आली तर काका पैसे घ्यायला लाजायचे. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, दुकान बंद झालं आणि स्वारी मुलीच्या घरात बसून सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटू लागली. शेवटी मुलीने त्यांना फोनसमोर बसवलं. "काय बोलायचं ते इथे बोला." काका बोलले. वाकडं चाक सरळ कसं करायचं, ब्रेकचे रबर कधी बदलायचे. लोक ते व्हिडिओ पाहू लागले.

जावयाची नोकरी नुकतीच सुटली होती. त्याने डोकं चालवलं. काकांनी सांगितलेली वस्तू कुणी दुकानाच्या ठरावीक लिंकवरून घेतली, की थोडं कमिशन मिळतं. पण ती लिंक म्हणजे मारुतीचं शेपूट, तोंडाने सांगणार कशी? म्हणून त्याने एक छोटा पत्ता विकत घेतला, पानेकाका डॉट कॉम. तो उघडला की माणूस आपोआप त्या दुकानातल्या ब्रेकच्या रबरांवर जाऊन पोचायचा. काका प्रत्येक व्हिडिओत तो पत्ता सांगायचे आणि वर म्हणायचे, "मी माझ्या सायकलला हेच लावतो." हळूहळू मुलीचं घर त्यावरच चालू लागलं.

आणि एक दिवस समोरच्या शिंपीणबाई उजव्या हाताला प्लास्टर घालून दारात उभ्या राहिल्या.

"काका, उतारावर ब्रेक लागलाच नाही. तुम्ही सांगितलेलेच रबर होते."

"शक्यच नाही!" काका तडक त्यांच्या अंगणात गेले. सायकलच्या रबरावर नख दाबून पाहिलं. नख उमटेना. काचेसारखं गुळगुळीत. "हे मी वैऱ्याच्या सायकललाही लावणार नाही, बाई."

"तुमच्याच पत्त्यावरून मागवले."

काकांनी घरी येऊन मुलीच्या फोनवर स्वतःच्या नावाचा पत्ता पहिल्यांदाच उघडला. स्क्रीन लुकलुकली आणि भलतंच दुकान समोर आलं. त्यात तेच गुळगुळीत रबर.

मुलगा असता तर दोन शब्दांत निकाल लागला असता. जावयाशी बोलायचं म्हणजे प्रत्येक शब्द चाळून घ्यायला हवा, आणि काकांच्या घराण्यात चाळणी कुणाकडेच नव्हती. म्हणून त्यांनी मुलीला मध्ये घातलं. "विचार तुझ्या नवऱ्याला, हे काय आहे?"

जावई शेजारीच बसला होता. "बाबा, जुन्या दुकानाने कमिशन बंद केलं. मग मी पत्ता दुसऱ्या दुकानाकडे वळवला. व्हिडिओ तेच, पत्ता तोच. कुणाला काही कळत नाही."

"मलासुद्धा नाही कळलं!" मुलीला मध्ये घालायचं काका विसरूनच गेले. "तोंड माझं, आणि माल कुणाचाही?"

"रबर ते रबरच ना, बाबा?"

ज्या माणसाला रबर आणि रबर यांतला फरक दिसत नाही, त्याच्या हातात आपण आपलं नाव दिलं, याचा काकांना जावयापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. शिंपीणबाई आता कात्री कशी धरणार होत्या?

जावई काही वाईट माणूस नव्हता. त्याने फोन घेतला आणि पत्ता पुन्हा जुन्या दुकानाकडे वळवला. "झालं. आता यातून काही मिळणार नाही, पण तुमचेच रबर दिसतील."

"आणि ज्यांनी आधीच घेतलेत ते? कोण आहेत ते लोक?"

"त्यांची नावं दुकानाकडे. आपल्याला नुसता आकडा दिसतो." आकडा किती, ते त्याने सांगितलं नाही.

काका उठून व्हिडिओच्या खुर्चीत जाऊन बसले.

जावई एकदम म्हणाला, "बाबा, हे जाहीर सांगितलंत, तर पुन्हा कुणी तुमच्या शब्दावर काही घेणार नाही. घर कसं चालायचं?"

काकांनी मुलीकडे पाहिलं. घर तिचं होतं. तिने नवऱ्याच्या हातातून फोन घेतला, स्टँडवर लावला आणि बटण दाबलं.

"माझ्या शब्दावर ज्यांनी ब्रेकचे रबर घेतले असतील," काका म्हणाले, "त्यांनी आज सायकल बाहेर काढू नये."