धुरातला तंबू

आई गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये चहा पीत होते. तिनंच पाठवलं होतं. "जा, चहा पिऊन ये जरा. सकाळपासून खुर्चीला चिकटलीस. मी काय कुठं पळून जाते का?" अर्धा ग्लास झाला असेल, तेवढ्यात फोन वाजला. "लगेच वर या," एवढंच नर्स म्हणाली. जिना चढतानाच मला कळलं होतं. तिचं वय झालं होतं, छातीत कफ साठला होता, डॉक्टरांनी कल्पना दिली होती, सगळं खरं. पण मी पोचले तेव्हा कॉटभोवती पडदा ओढलेला होता आणि... त्याला आता काही आठवडे झाले. लोक विचारतात, सावरलीस का? नाही सावरले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी तशी आशा धरणार नाही.

माझी आई सुमन, पिंपळगाव बसवंतजवळच्या द्राक्षबागायतदाराची सून. मी आठ वर्षांची असताना वडील हायवेवर टेम्पोच्या अपघातात गेले. बाग काकांकडे राहिली आणि आई मला घेऊन नाशिकच्या सातपूरला आली, स्विच बनवणाऱ्या एका कारखान्यात जोडणीच्या लाइनवर बसली. सकाळची पाळी होती तोवर सगळं निभलं. मग सुपरवायझरनं सांगितलं, पुढच्या महिन्यापासून सेकंड शिफ्टही करावी लागेल. म्हणजे संध्याकाळी मी एकटी जेवणार, एकटी झोपणार. आणि वडील गेल्यापासून मी तर आईच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय डोळा मिटत नव्हते. ती न्हाणीत गेली तरी मी दाराशी उभी. नोकरी सुटली असती तर आम्हाला काकांच्या दारात परत जावं लागलं असतं, आणि तिथं आईला काय ऐकावं लागायचं ते मी लहान असूनही ऐकलेलं होतं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "सुमन, पोरगी भ्यालीय. ताईत बांध तिला." आई म्हणाली, "ताईतानं काय होतंय मावशी, सवय लावायला पायजे."

सवय लावायचा तिचा उपाय अजब होता. गंगापूर धरणाच्या काठाला कॉलेजच्या मुलांनी ठोकलेले तंबू तिनं कधीतरी बसमधून पाहिले होते. तेवढ्यावरून तिनं ठरवलं, आपणही तंबूत राहायला जायचं. ऐन थंडीतली सुटी धरून आम्ही निघालो. मामाच्या टेम्पोवरची निळी ताडपत्री, बांबू, बागेत मांडव ताणायला लागते ती तार आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी, ठेचा. आईनं तंबू बांधला तो असा, की तारेवर बोट मारलं तर आवाज यावा. मामा म्हणाला, "लय झ्याक. आता फक्त वेल चढवायचा राह्यला." आमची काळजी वाटून तो वरच्या रस्त्यावर टेम्पोतच मुक्काम करणार होता. जाता जाता "दोघीपण येड्याच हायेत" हेही त्यानं ऐकवलं.

अंधार पडला आणि पाण्यावरून गारठा यायला लागला. आमच्याकडे थंडी फार वाढली की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून बागेत जागोजागी शेकोट्या करतात. त्यांच्यावर ओला पाला टाकायचा. जाळ नको, धूर हवा, तो बागेवर पांघरुणासारखा धरून राहतो. वडील होते तोवर हे काम त्यांचं. आईला थंडीवर तेवढा एकच इलाज ठाऊक. तिनं तंबूच्या चारी कोपऱ्यांना शेकोट्या पेटवल्या, वर ओलं गवत टाकलं आणि मोठ्या समाधानानं माझ्याशेजारी येऊन बसली. बघता बघता सगळा धूर आत. आम्ही दोघी खोकत, ठेचकाळत बाहेर पळालो. नाक पुसत आई म्हणाली, "अगं, बागेला नाक नसतं! माझ्या ध्यानातच नाय आलं!" आणि ती हसत सुटली. वडील गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते. हसता हसता ती रडायला लागली, चांगली मोठ्यानं, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिले.

धूर निघून गेल्यावर तिनं मला आत निजवलं, माझ्या मुठीतला पदर सोडवून घेतला आणि स्वतः बाहेर जाऊन बसली. "मी आत नाय यायची. बाहेर हाय मी. दिसले नाय तरी हाय, एवढं ध्यानात धर." मी हाक मारायची, "आई, आहेस?" बाहेरून यायचं, "हाय." परत हाक, परत "हाय." एकदाही ती वैतागली नाही. कधीतरी हाका थांबल्या असाव्यात, कारण एकदम उजाडलंच. ताडपत्रीखाली मी एकटी होते आणि रिकामी मूठ उघडी होती. आई बसल्या जागीच होती, डोक्यावरून शाल, डोळे लालभडक. "चांगली घोरत होतीस की," ती म्हणाली. पुढच्या महिन्यात ती सेकंड शिफ्टला गेली आणि मी एकटी झोपले.

नंतर मी होस्टेलवर राहिले, नोकरी केली, लग्न होऊन नाशिकच्याच दुसऱ्या टोकाला गेले. सगळीकडे झोपले. धीट आहे पोरगी, असं लोक म्हणायचे. धीट कसली! ती कुठंतरी होती म्हणून मला झोप लागत होती. कारखान्यात असेल, सातपूरच्या खोलीत असेल, पण होती. तिनं मला तिच्याविना राहायला शिकवलंच नव्हतं. ती नजरेआड असताना राहायला शिकवलं होतं, आणि या दोहोंत किती अंतर आहे ते आता कळतंय. भेटायला येणारे समजुतीनं सांगतात, "आई तुझ्याजवळच आहे गं." मला त्यांचा राग येतो. नाही ती जवळ. मी हाक मारून पाहिली आहे, एकदा नाही, पुष्कळदा... आणि कान देऊन बसलेली आहे.

सध्या मी सातपूरला तिच्याच खोलीत राहते. घरचे म्हणतात, खोली आवरून टाक आणि परत ये. आवरायला घेते आणि तशीच बसते. हिवाळ्यात पहाटे उठलं की ती स्वयंपाकघराची खिडकी उघडायची, हात कोपरापर्यंत बाहेर काढायची आणि मला फोन लावायची, "मनू, आज लय गार हाय. स्वेटर घाल." मी चाळिशी ओलांडली, तरी हा फोन चुकला नाही. काही वेळा मी अर्धवट झोपेत "हो" म्हणायचे आणि कूस बदलायचे. आज पहाटे मी ती खिडकी उघडली आणि हात बाहेर काढला. कारखान्याकडे निघालेल्या मोटारसायकली खालून जात होत्या. बोटं बधिर होईपर्यंत मी तशीच उभी होते. लय गार होतं. स्वेटर मागच्या खुर्चीवरच होता. तो मी घातला नाही.