साडूचं लिमिट

माझ्या साडूला बँकेने ओव्हरड्राफ्ट दिला त्या दिवसापासून माझी भूक मेली. म्हणजे जेवत होतो दोन्ही वेळा, भातही मागून घेत होतो, पण भूक म्हणून जी असते ती मेली.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं खेडला टाइल्सचं दुकान आहे. माझं रत्नागिरीत पंप आणि पंखे दुरुस्तीचं, तेही बाजारामागच्या अशा गल्लीत, की गिऱ्हाईक आत आलं की मालकाने बाहेर उभं राहायचं. आमच्या दोघांचा डोळा एकाच वस्तूवर होता. सासऱ्यांचा गाळा. रत्नागिरीच्या एसटी स्टँडच्या रस्त्यावर, पूर्वेला तोंड, समोर पार्किंग! सासरे जन्मभर बोटीवर होते, त्या कमाईतून त्यांनी तो घेतला होता. जुना भाडेकरू सोडून गेला तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "गाळा बाहेर देणार नाही. दोन जावयांतल्या एकाला देईन, रीतसर डिपॉझिट घेऊन." झालं. त्या दिवसापासून आमच्या सासरवाडीत आचारसंहिता लागली.

माझी बाजू भक्कम होती. मी थोरला जावई, गावातला, आणि माझ्या नावावर एक मुदत ठेव होती. ठेव म्हणजे काय ठेव! मी तिला कधी हात लावला नव्हता. आमच्या घरात बँकेत जायचं ते पैसे ठेवायला. बँकेकडून घेतलेला माणूस चालताना एका अंगाला कलतो, असं आमच्या आईचं ठाम मत होतं, आणि रस्त्यात कुणी कललेला दिसला की ती मला कोपराने ढोसायची.

तर सासूबाईंनी एका रविवारी आम्हा सगळ्यांना खाडीपलीकडे भाट्ये गावातल्या त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. साडू आला तो नव्या शर्टात. त्याच्या सेंटच्या वासाने सुरमईचा वास दबला, आता बोला. ताटं वाढली आणि त्याने फोन काढून सासऱ्यांपुढे धरला.

"बघा आबा. बँकेने लिमिट दिलं. खात्यात काही नसलं तरी एवढे केव्हाही काढायचे. काढू तेवढ्यावरच व्याज."

सासऱ्यांनी चष्मा वर केला, आकडा बघितला, "अस्सं" म्हणाले आणि आमटी भुरकली. पण सासूबाईंनी आकडा बघितला आणि सुरमईचा मधला जाड तुकडा साडूच्या ताटात घातला. माझ्याकडे शेपटी आली. त्या शेपटीत इतके काटे होते, की माझ्या मते दोन सुरमया एकमेकींत अडकलेल्या असाव्यात.

"पण ते पैसे तुमचे नाहीत ना?" मी गोड आवाजात विचारलं.

"दादा, पैसे कुणाचेच नसतात," साडू म्हणाला. "बँक आपल्यावर विश्वास ठेवते, त्याला किंमत. आमच्या ब्रँचचा मॅनेजर मला बघून उठून उभा राहतो."

परतताना पुलावर बायको स्कूटरवर मागून म्हणाली, "बघा. त्यांच्यासाठी मॅनेजर उठतो. तुम्हाला तिथला शिपाई तरी ओळखतो का?"

खाडीवरचा वारा भणाणत होता, तरी मला प्रत्येक अक्षर ऐकू आलं.

मी मनाशी म्हटलं, आपणही उठवू. सोमवारी बँक उघडायच्या आधी मी दाराशी. मॅनेजर म्हणजे एक तरुण बाई होत्या. त्या उठल्या नाहीत. कॉम्प्युटरकडे बघत म्हणाल्या, "काका, तुमच्या दुकानाच्या उलाढालीवर ओडी, म्हणजे ओव्हरड्राफ्ट, बसणार नाही. पण तुमची ठेव आहे ना? तिच्यावर देते, आजच्या आज."

"म्हणजे माझेच पैसे मला, व्याजाने?"

"तसंच थोडंसं. पण ठेवीचं व्याज तुम्हाला चालूच राहील. फक्त ओडी फिटेपर्यंत ठेवीवर आमचा बोजा राहील, तोवर ती मोडता येणार नाही. चालेल?"

मला खेडचा मॅनेजर उठताना दिसत होता. धोतर सावरत उठत होता, खरं तर आजकाल कुठला मॅनेजर धोतर नेसतो, पण मला दिसत होता. मी म्हटलं, चालेल, आणि त्या दाखवतील तिथे सह्या केल्या. निघताना चहा मात्र मिळाला. अर्धा कप होता. घरी सांगताना मी तो दोन कप आणि बिस्किटं असा सांगितला.

आता लिमिट मिळालं आणि वापरलं नाही, तर ते कुणाला दिसणार? साडूच्या दुकानात एसी होता, मी एसी लावला. माझं दुकान एवढं लहान, की एसी सुरू केला की गल्लीतली मांजरं स्वेटर मागायला लागली. साडूच्या दुकानावर दिव्यांची पाटी होती, मी तिच्या दुप्पट पाटी केली. ती रात्री पेटली की समोरचे शिंपीबुवा त्या उजेडात काजं करत, आणि वर मला सांगत, "शेठ, जरा पिवळा रंग कमी करा, डोळ्यांवर येतो." शेठ! हा शब्द मला आयुष्यात पहिल्यांदा लागला होता. फिरती खुर्ची घेतली. इन्व्हर्टरचा साठा भरला. सगळ्याचे फोटो बायकोने बहिणीला पाठवले. बहिणीचा नुसता अंगठा आला. तो अंगठा बघून मला त्या दिवशी थोडी भूक लागली.

लिमिट जवळजवळ तळाला गेलं, आणि त्याच सुमारास सासऱ्यांचा फोन आला. "जावईबुवा, गाळ्याचं ठरवू या. या उद्या."

मी गेलो. ओसरीवर सासरे एकटेच सुपारी कातरत बसले होते.

"डिपॉझिट किती घ्यायचं ते ठरवलंय मी," ते म्हणाले आणि आकडा सांगितला. माझ्या ठेवीहून कमीच होता! मी मनातल्या मनात गाळ्याला रंगसुद्धा दिला. "पण एक अट. पैसा तुमचा स्वतःचा हवा. बँकेकडून उचललेला चालणार नाही."

"का हो आबा?"

"बोटीवर माझ्याबरोबर एक होता. घरावर कर्ज काढून त्याने भावाला दुकान घालून दिलं. तो समुद्रात आणि बँकेची माणसं त्याच्या म्हातारीच्या दारात. तसं माझ्या दारात नको. त्या दिवशी फोनवरचा आकडा बघितला ना, तेव्हाच म्हटलं, धाकट्याचं काही खरं नाही. तुमची ठेव आहे, मला माहीत आहे. गाळा तुमचाच धरून चाललोय मी."

सुपारीचं खांड त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. ते तोंडात टाकलं खरं, पण गिळावं की थुंकावं ते मला कळेना.

तिथून मी स्कूटर अशी हाणली, की पुलावरचे बगळे कडेला झाले. मॅनेजरबाईंना म्हटलं, ठेव मोडा.

"काका, ओडी भरा, लगेच मोडते."

"ओडी भरायला ठेव मोडायलाच हवी ना!"

"तीही सोय आहे. ठेवीतून ओडी वळती करू, उरेल ते तुमचं." त्यांनी उरेल ते कागदावर लिहून दाखवलं. त्या रकमेत गाळ्याचं शटरही उघडलं नसतं. आणि गंमत बघा, त्या दिवशी बाई मला दारापर्यंत सोडायला उठल्या. माझा चेहराच तसा झाला असणार.

एसी विकायला काढला. वापरलेला म्हणून अर्ध्या भावाला मागितला लोकांनी. इन्व्हर्टर तर पावसाळ्याशिवाय हलत नाहीत. मी सासऱ्यांना आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो, आणि तेवढ्यात खेडहून साडू आला. सासऱ्यांनी आम्हा दोघांनाही बोलावून घेतलं, आणि सगळ्यांदेखत त्याने त्यांच्यापुढे पासबुक ठेवलं. लिमिट बंद, खात्यात स्वतःची शिल्लक, वर ती बँकेच्या शिक्क्यासकट.

"एक टेम्पो विकला, आबा. उधारी वसूल केली, लिमिट भरून टाकलं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "खरं सांगू दादा, तुमच्यामुळे. त्या जेवणापासून ही रोज ऐकवायची, ताईकडे बघा, भावोजींची ठेव आहे, ते निवांत झोपतात. आणि मी मात्र व्याजाच्या तारखेला जागा. मला तुमचा इतका हेवा वाटायचा, काय सांगू!"

सासरे माझ्याकडे बघत राहिले. "आणि तुमचं, जावईबुवा?"

बायको पाटीचं बोलणार होती. मी तिच्याआधी म्हटलं, "आबा, गाळा धाकट्यालाच द्या. लांबून येतो बिचारा." एवढा मोठेपणा रत्नागिरी तालुक्यात त्या दिवशी दुसऱ्या कुणी केला नसेल. सासूबाईंनी डोळे पुसले. साडू माझ्या पाया पडला. वाकलेल्या त्याच्या मानेकडे बघताना माझ्या मनात काय चाललं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गाळ्याचं वायरिंग मीच केलं. नात्यातलं काम म्हणून दर जरा चढाच लावला. म्हटलं, आता घासाघीस करेल, दोन आठवडे थांबा म्हणेल, उधारी वसूल होऊ दे म्हणेल, आणि मला त्या दोन आठवड्यांत पोटभर जेवण जाईल. त्याने बिल बघितलं, खिशात हात घातला आणि सगळे पैसे तिथल्या तिथे माझ्या हातावर ठेवले.

"मोजून घ्या, दादा."

मोजले. बरोबर होते.