डोरीनचा खडी पक्ष

डोरीन ह्रोमस अमेरिकेत, नेब्रास्कातल्या आमच्या लिपोवा गावात शाळेची बस चालवायची. ती निवृत्त झाली तोवर गावातल्या निम्म्या लोकांना तिनं लहानपणी कधी ना कधी दंडाला धरून मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर आणून बसवलेलं होतं. त्यामुळे पुढे ती राजकारणात पडली, तेव्हा तिला तोंडावर ‘नाही’ म्हणायची हिंमत फार थोड्यांना झाली. त्या थोड्यांत पहिला नंबर तिच्या नवऱ्याचा, लेनर्डचा.

सगळं सुरू झालं पुलावरून. आमच्या बाजूच्या ओढ्यावरचा पूल काउंटीनं, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, ‘धोकादायक’ अशी पाटी लावून बंद केला. चर्चला जायचं, केस कापायला जायचं, दूध आणायचं, काहीही करायचं तर मक्याच्या शेतांना भलामोठा वळसा घालून जायचं. दर निवडणुकीला दोन्ही जुन्या पक्षांची माणसं यायची, पुलाकडे बघून मान हलवायची आणि फोटो काढून जायची. मीही त्याच बाजूला राहते, म्हणून सांगते, त्या माना बघून बघून आमचीच मान दुखायला लागली होती.

मग एक दिवस डोरीननं रेडिओवर ऐकलं की राजधानीत, लिंकनला काही मंडळी नवा पक्ष काढतायत. त्यांची मागणी एवढीच की खडीचे रस्ते आणि गावचे पूल नीट करा. नावही साधंच, खडी पक्ष. डोरीननं तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडचा पोरगा म्हणाला, “बाई, आमचं घोडं सह्यांवर अडलंय.”

आमच्या नेब्रास्कात नव्या पक्षाला मतपत्रिकेवर जागा हवी असली, तर आधी हजारो मतदारांच्या सह्या आणून दाखवाव्या लागतात. त्याही एका शहरात बसून चालत नाहीत. राज्याचे तीन मतदारसंघ, तिन्हींतून हव्यात. शहरवाल्या दोघांत सह्या जमत होत्या. तिसरा म्हणजे आमचा, जिथे माणसांपेक्षा गुरं जास्त, आणि गुरांना मतदान नाही.

डोरीन लिंकनहून सह्यांचे कागद घेऊन घरी आली आणि पहिला कागद लेनर्डच्या ताटाशेजारी ठेवला.

“कर सही.”

“मी नाही. माझा आजा एकाच पक्षाचा, बाप त्याच पक्षाचा, मी त्याच पक्षाचा.”

“अरे, ही सही म्हणजे मत नाही आणि पक्ष बदलणंही नाही. फक्त त्यांना दारातून आत येऊ द्या, एवढंच म्हणायचं.”

“दारातून आत आलेला माणूस जेवायलाच बसतो,” लेनर्ड म्हणाला आणि बटाटे वाढून घेतले.

डोरीननं वाद घातला नाही. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी चर्चमध्ये मासळीचं जेवण असतं, तिथे ती कागद आणि आलुबुखाराचा मुरंबा भरलेल्या कोलाचेंचं मोठं ताट घेऊन हजर झाली. तिच्या हातचे ते गोड पाव म्हणजे गावाचा जीव की प्राण. लोक ताटाभोवती गोळा झाले. तेवढ्यात काउंटीच्या कचेरीतली एक बाई हळूच येऊन म्हणाली, “डोरीन, सहीच्या बदल्यात खायला दिलंस तर ती लाच होते हं. सगळ्या सह्या बाद होतील.”

डोरीन खुर्चीवर उभी राहून ओरडली, “ऐका सगळे! जो सही करेल त्याला कोलाचे मिळणार नाही. जो नाही म्हणेल, त्यालाच मिळेल!”

लोकांची मोठी पंचाईत झाली. पूल हवा की पाव हवा? हेन्री नावाचा आमचा एक शेजारी आधी नाही म्हणाला, पाव खाल्ला, ओठ पुसले आणि मग म्हणाला, “विचार बदलला, आण ते पेन.” डोरीननं त्याला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं, पोट रिकामं ठेवून. लेनर्ड मात्र दर शुक्रवारी ठामपणे नाही म्हणायचा. त्याचं वजन वाढलं ते याच तत्त्वनिष्ठेमुळे, असं डॉक्टरसुद्धा म्हणाले.

दुसरी अडचण नावांची होती. सही मतदारयादीतल्या नावानंच हवी. आमच्याकडे यादीतल्या नावानं कुणाला कुणी ओळखत नाही. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या टब कोटासनं मोठ्या थाटात ‘टब’ अशी सही ठोकली.

“टब, खरं नाव लिही.”

“हेच खरं.”

“बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्यानं ‘टब’ म्हटलं होतं?”

टबनं डोकं खाजवलं. शेवटी आईला फोन लावला. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. “क्लेमेंट अलॉयशस,” तो पुटपुटला. “डोरीन, हे बाहेर जाऊ देऊ नकोस.” ते अर्थातच संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

पण खरा पेच होता बर्नी झोबेकचा. बर्नीचं केस कापायचं दुकान पूल बंद झाल्यापासून ओस पडलं होतं, सही करायला ती सगळ्यांत आतुर. कागद हातात घेतला आणि थबकली. सहीशेजारी जन्मतारखेचा रकाना होता.

“हे कशाला?”

“नियम आहे.”

“डोरीन, चाळीस वर्षं झाली, मी नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. आता एका पुलासाठी मी मोठी होऊ?”

डोरीननं तोडगा काढला. एक कागद जवळजवळ पूर्ण भरत आणला आणि सर्वांत खालची ओळ बर्नीसाठी राखली, म्हणजे तिच्यानंतर कुणी त्या कागदाला हात लावायचा नाही. बर्नी दुकानाचा पडदा ओढून सही करत होती, तोच मागच्या दारानं तिचा नवरा हॅरॉल्ड आला आणि खांद्यावरून डोकावला. बर्नीनं तारखेवर तळहात ठेवला.

“उचल हात,” हॅरॉल्ड म्हणाला. “तुझं वय मला लग्नाआधीपासून माहीत आहे. तुझ्या आईनंच सांगितलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“कारण मीही माझं वय वाढवून सांगितलं होतं. कोवळ्या पोरांना तेव्हा बिअर मिळायची नाही ना, म्हणून.” त्यानं बोटांवर हिशेब केला. “म्हणजे तू माझ्याहून चांगलीच मोठी आहेस, बर्नी.”

बर्नीनं कात्री उचलली. डोरीननं कागद उचलला आणि काढता पाय घेतला. पुढे आठवडाभर हॅरॉल्डच्या केसांची एक बाजू दुसरीपेक्षा आखूड होती.

गाव संपलं, तरी सह्या पुरेनात. मग डोरीन पश्चिमेकडे वाळूच्या टेकड्यांत निघाली. गाडी कोण चालवणार? लेनर्डच. “सही करणार नाही, पण तू त्या रस्त्यांवर एकटी जाणारही नाहीस,” तो म्हणाला. तिथे माणसं एका जागी सापडायची तर जनावरांच्या लिलावातच. डोरीन बाकांच्या सर्वांत वरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. लिलाव पुकारणारा तोंडातून शब्दांच्या माळा काढत होता, खाली रिंगणात एक काळाकभिन्न वळू फुरफुरत होता. समोरच्या बाकावर एक म्हातारा सही द्यायला तयार दिसला, म्हणून डोरीननं त्याला पेन उंच धरून हलवलं.

“विकला!” लिलाववाला गरजला. “निळ्या कोटातल्या बाईंना!”

डोरीननं मागे वळून निळा कोट शोधला. निळा कोट तिच्याच अंगावर होता.

“आपल्याकडे कोंबड्यासुद्धा नाहीत,” लेनर्ड म्हणाला. डोरीन मात्र तरातरा खाली उतरली. “भाऊ, मला वळू नकोय. मला माणसं हवीत!” सगळा लिलावखाना खो खो हसला. लिलाववाला डोळे पुसत म्हणाला, “बाई, वळू परत घेतो. पण एवढ्या लांबून कशाला आलात, ते इथे माइकवर सांगा.”

डोरीन भाषण करणारी नव्हे. तिला बसच्या मुलांशी बोलायची सवय, तसंच बोलली. “तुमच्याकडे बंद पडलेला पूल आहे का? आहे ना? मग गप्प काय बसलात? एकेकानं रांगेत या, धक्काबुक्की नको, आणि पूर्ण नाव लिहा.” मोठमोठ्या टोप्या घातलेले ते रांगडे गडी शाळेतल्यासारखे रांगेत उभे राहिले. परतीच्या वाटेवर डोरीन कागद मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली होती. लेनर्डला वाटलं ती दमली. पाहिलं तर ती रडत होती. “लेनर्ड,” ती म्हणाली, “बस सोडल्यापासून माझं कुणी ऐकलंच नव्हतं रे.”

लेनर्ड म्हणाला, “मी ऐकतो की.”

“तू ऐकतोस आणि नाही म्हणतोस.”

सह्या तपासल्या गेल्या. टोपणनावांच्या, दोनदा केलेल्या अशा बऱ्याच बाद झाल्या, तरी पुरल्या. खडी पक्ष मतपत्रिकेवर आला. आता उमेदवार हवे होते, आणि काउंटीच्या मंडळासाठी आमच्या भागातून डोरीनलाच उभं केलं. त्या जागेवरच्या जुन्या सभासदाच्या पाचावर धारण बसली. जो पूल इतकी वर्षं पैशाअभावी पडून होता, तिथे मतदानाच्या तोंडावर क्रेन आली, लोखंड आलं आणि पूल झालासुद्धा. मतदानाच्या दिवशी आम्ही सगळे त्याच पुलावरून सुखानं गेलो आणि निम्म्याअधिक लोकांनी कृतज्ञतेनं जुन्याच सभासदाला मत दिलं. डोरीन पडली.

ती आधी चिडली. मग ओट्यावर बसून एवढी हसली की उचकी लागली. “म्हणजे मी निवडून यायच्या आधीच माझं काम करून मोकळी झाले!” मग लेनर्डकडे वळली. “तू तरी दिलंस का मला?”

“मतदान गुप्त असतं, बाई,” लेनर्ड म्हणाला, आणि त्यावर आजतागायत ठाम आहे.

राज्यभरात मतं कमी पडली आणि पक्षाची मतपत्रिकेवरची जागा गेली. पुन्हा सह्या. लिंकनच्या पोरांनी डोरीनला नव्या कार्यकर्त्यांना शिकवायला बोलावलं. वह्या उघडून बसलेल्या त्या कॉलेजच्या मुलांना तिनं पहिलाच धडा दिला, “आधी घरच्या माणसाकडे सही मागा. तिथला नकार पचला, की बाहेर कुणाला घाबरायचं कारण नाही.” आणि वह्या मिटायला लावून सगळ्यांना समोरच्या किराणा दुकानाच्या दारात उभं केलं.